गीझरची कॉइल पुन्हा पुन्हा जाते: दुरुस्ती करायची की नवा घ्यायचा?

आमच्या कोल्हापूरजवळच्या पाचगावच्या घरी दोन वर्षांत तीनदा गीझरची कॉइल गेली. डिसेंबर २०२१, जानेवारी २०२३ आणि त्याच वर्षीचा नोव्हेंबर. तिन्ही वेळा कळलं ते सकाळी सहाला, आईच्या अंघोळीच्या वेळी. आईला संधिवात आहे. थंडीत गरम पाणी हातावर पडल्याशिवाय तिची बोटं नीट उघडत नाहीत. मग गॅसवर पातेली चढवायची, बादली भरायची आणि दुकानं उघडली की वायरमनला फोन. तो यायचा, अर्ध्या तासात कॉइल बदलायचा, पैसे घेऊन जायचा. पहिल्यांदा ७५० रुपये, दुसऱ्यांदा ९००, तिसऱ्यांदा थर्मोस्टॅटही (पाणी तापलं की वीज तोडणारा भाग) बदलला म्हणून १,४००. एवढं करून फेब्रुवारी २०२४ मध्ये टाकीच गळायला लागली. म्हणजे ३,०५० रुपये घातले आणि गीझर शेवटी भंगारातच गेला.

दुरुस्ती करायची की नवा घ्यायचा, हा प्रश्न आपण फार उशिरा विचारतो. त्याच्या आधी विचारायचा प्रश्न असा, की हा भाग गेला कशानं? ते न शोधता केलेली दुरुस्ती टिकत नाही आणि ते न शोधता आणलेला नवा गीझरही त्याच वाटेनं जातो. मला हे तिसऱ्या कॉइलला कळलं. कुणाला तरी पहिल्याच कॉइलला कळावं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. आमचा गीझर १५ लिटरचा, २००० वॉटचा, आतून काचेचा मुलामा असलेल्या लोखंडी टाकीचा होता. बाजारात घरोघरी जे दिसतात, त्यातले बरेचसे असेच असतात.

बिघाड गीझरचाच आहे का?

वायरमनला बोलवायच्या आधी सॉकेट बघा. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपियरच्या आसपास करंट ओढतो. त्याला १६ अँपियरचं सॉकेट आणि निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते. मेन स्विच बंद करून प्लग काढा आणि पिना बघा. पीन तपकिरी-काळी पडली असेल, सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडून फुगलं असेल, तर ढिल्या जोडणीमुळे तिथेच उष्णता तयार होतेय. आमच्या शेजारच्या वहिनींनी गीझर गेला म्हणून नवा बघायला सुरुवात केली होती. सॉकेट बदलल्यावर जुनाच गीझर सुरू झाला, तो अजून चालू आहे.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. सकाळी सहा ते आठ सगळ्या गल्लीचे गीझर आणि पाण्याच्या मोटारी एकदम चालू असतात. डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, लांब असलेल्या घरात तेव्हा व्होल्टेज २०० पर्यंत उतरलेलं मी मीटर लावून बघितलंय. व्होल्टेज थोडं उतरलं तरी गीझरची ताकद बरीच उतरते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर २००० वॉटचा गीझर जेमतेम १५०० वॉटचं काम करतो. हाच गीझर दुपारी वेळेत पाणी तापवत असेल आणि पहाटे रेंगाळत असेल, तर गीझर उघडू नका, वीजपुरवठ्याची तक्रार नोंदवा.

आता घड्याळाची परीक्षा. सगळ्यात उपयोगी मला हीच वाटते आणि तिला एक पैसा लागत नाही. गरम पाण्याचा नळ गार पाणी येईपर्यंत सोडा, बंद करा, गीझर चालू करा आणि तापतोय दाखवणारा दिवा विझेपर्यंतची वेळ मोजा. कोल्हापुरात थंडीत टाकीतलं पाणी साधारण २२ अंशांचं धरलं, तर १५ लिटर पाणी ५५ अंशांवर न्यायला २००० वॉटच्या कॉइलला सतरा-अठरा मिनिटं लागतात. २५ लिटरच्या गीझरला अर्धा तास. थर्मोस्टॅट वर ठेवला असेल तर आणखी पाच-सात मिनिटं. हा हिशेब पाण्याच्या वजनाचा आणि वॉटचा आहे, कंपनी कुठलीही असो, त्यात फरक पडत नाही.

सात-आठ मिनिटांतच दिवा विझतो आणि पाणी कोमटच येतं, तर थर्मोस्टॅट वीज लवकर तोडतोय. तो खराब असेल, नाहीतर कॉइलवर आणि थर्मोस्टॅटच्या नळीवर क्षारांचा थर बसून पाणी तापायच्या आधी तिथली जागाच तापत असेल. दिवा विझतच नाही आणि नळातून वाफाळलेलं पाणी येतं, तर थर्मोस्टॅट चिकटलाय. गीझर लगेच बंद करा, दुरुस्त होईपर्यंत "आजच्या दिवस" म्हणूनसुद्धा लावू नका. दिवा लागतो पण पाणी गारच, तर बहुतेक वेळा कॉइल तुटलेली असते. दिवाच लागत नाही, तर सॉकेट, वायर किंवा आतला कटआउट (फार तापलं तर वीज तोडणारा भाग).

एक बिघाड लोकांना फसवतो. पाणी कडक तापतं, वेळही बरोबर लागतो, पण अर्धी बादली झाली की गार. उभ्या गीझरमध्ये गरम पाणी बाहेर नेणारी नळी खालून आत जाऊन टाकीच्या माथ्यापर्यंत पोचलेली असते, कारण सगळ्यात गरम पाणी वर असतं. ती नळी गंजून मध्ये भोक पडलं की खालचं गार पाणी त्यातून मिसळून येतं. नाहीतर तळाला इतका साका साठलेला असतो की १५ लिटरच्या टाकीत १५ लिटर पाणी मावतच नाही. दोन्हींत कॉइल बदलून काही उपयोग नाही.

झटका किंवा ट्रिप

एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) पडतो की आरसीसीबी (करंट गळला की पडणारा), हे आधी नीट बघा. बऱ्याच घरांत दोन्ही असतात आणि आपण दोघांनाही "ट्रिप झालं" म्हणतो. आरसीसीबी पडत असेल तर करंट जमिनीकडे गळतोय. गीझरच्या बाबतीत त्याचं नेहमीचं कारण म्हणजे कॉइलच्या बाहेरच्या नळीला चीर पडून पाणी आत शिरणं. प्लग काढला की आरसीसीबी टिकतो आणि लावला की पडतो, तर निदान झालं. थंड असताना काही होत नाही आणि पाच मिनिटांनी तापल्यावर पडतो, असंही होतं. त्यामुळे एकदा टिकला म्हणून निर्धास्त होऊ नका.

मल्टीमीटर असेल आणि वापरता येत असेल, तर प्लग काढून कॉइलच्या दोन टोकांमध्ये रोध बघा. २००० वॉटच्या कॉइलला २६ ओहमच्या आसपास आकडा येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. एका टोकापासून गीझरच्या अर्थिंगपर्यंत मात्र मीटरनं काही दाखवता कामा नये. तिथे आकडा आला, तर ती कॉइल पाणी कितीही छान तापवत असली तरी काढून टाकायची.

नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर गीझर तिथेच थांबवा आणि घराचं अर्थिंग तपासून घ्या. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून थेट जोडणी करून देणारे लोक आहेत. त्यांना घरात घेऊ नका. ओल्या अंगानं, अनवाणी आपण त्या पाण्याखाली उभे असतो.

तिसरी कॉइल

नोव्हेंबर २०२३ मध्ये वायरमन आला तेव्हा मी रजा टाकून घरी थांबलो. माझं काम शिवाजी उद्यमनगरात, लेथवर. तिथे एकच बेअरिंग तीनदा गेलं तर आम्ही चौथं बसवत नाही, शाफ्ट तपासतो. घरी मात्र दोन वर्षं मी तसंच्या तसं बसवून घेत होतो, याचं मला खरंच वाईट वाटलं.

त्याला म्हटलं, "आधी पाणी काढ आणि खालची प्लेट पूर्ण खाली घे. मला आत बघायचंय."

"काका, कॉइल मरल्या, दुसरं काय न्हाई. पाच मिनिटांचं काम हाय."

"असू दे. बादली धर."

प्लेट सैल झाली तसं आधी तांबूस पाणी आलं, मग खडखड करत पापुद्रे पडायला लागले. अंड्याच्या कवचासारखे, पांढरट-तपकिरी, काही दोन बोटं रुंद. दोन ओंजळी भरून निघाले. कॉइल बाहेर आली ती कॉइल म्हणून ओळखू येत नव्हती. विळख्यांमधल्या फटी भरून गेल्या होत्या आणि एके ठिकाणी थर फुटून आतली तांब्याची नळी काळी पडून उकललेली होती. दोन महिन्यांपासून गीझर चालू केला की लाह्या फुटल्यासारखा जो कुरकुर आवाज यायचा, तो या थराखाली अडकलेल्या पाण्याचा होता.

त्याच प्लेटवर, कॉइलच्या शेजारी, एक गंजकी तार लोंबत होती. मी विचारलं, "हे काय?"

"रॉड असतोय तिथं. आता संपलाय. त्याचं काय एवढं काम नसतंय, तसंच बसवतो."

ती तार म्हणजे मॅग्नेशियमच्या अॅनोड रॉडच्या आतला सांगाडा होता. अंगठ्याएवढा जाड रॉड झिजून नाहीसा झाला होता. आणि अख्ख्या गीझरमध्ये त्याच्याइतकं मोठं काम दुसऱ्या कशाचंच नसतं. लोखंडी टाकीला आतून काचेचा मुलामा असतो, पण तो शंभर टक्के अखंड कधीच नसतो. सांध्यांपाशी, कडांना बारीक उघड्या जागा राहतात. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर झिजणारा धातू. तो पाण्यात आहे तोवर गंज त्याला खातो आणि त्या उघड्या जागा वाचतात. तो संपला की दुसऱ्या दिवसापासून टाकीची पाळी. आमच्या गीझरचा रॉड कधी संपला ते मला माहीत नाही, कारण आधीच्या दोन्ही वेळी कुणी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. मीही बघितलं नव्हतं.

त्या दिवशी नवा रॉड मिळाला नाही. मापाचा आणून बसवू म्हणत मी तारेवरच गीझर परत चढवला आणि राहून गेलं. तीन महिन्यांनी टाकी गेली.

हे आमच्याकडेच का

माझा मेहुणा शिवाजी पेठेत राहतो. त्याचा गीझर अकरा वर्षांचा आहे, कॉइल एकदाच बदललीय. त्याच्याकडे महापालिकेचं पाणी आहे, नदीचं आणि आता काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइननं येणारं. सह्याद्रीच्या पावसाचं हे पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं. आमच्याकडे नळाचं पाणी येतं, पण ते बेताचं, म्हणून प्यायला आणि स्वयंपाकाला. गच्चीवरची मोठी टाकी भरते ती बोअरच्या पाण्यानं, आणि गीझर तिलाच जोडलेला होता.

खडकातून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेतं. गार असताना ते दिसत नाही. तापवलं की विरघळलेला बायकार्बोनेट मोडतो आणि न विरघळणारा कार्बोनेट होऊन बसतो. तो बसतो सगळ्यात गरम जागी, म्हणजे नेमका कॉइलवर. साठ अंशांच्या पुढे हे फार वेगानं होतं. मी पाणी तपासून घेतलं, कठीणपणा (म्हणजे या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) लिटरला ४८० मिलिग्रॅम निघाला. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात २०० ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे प्यायला चालेल असंही पाणी गीझरला मारू शकतं. आरओवाल्याच्या हातातला टीडीएस मीटर एकूण क्षार दाखवतो, कठीणपणा वेगळा दाखवत नाही. त्या आकड्यावर विसंबू नका.

आईनं पापुद्रे बघितले आणि म्हणाली, "आरं, ही तर बंबातली खर." आमच्या जुन्या घरी तांब्याचा बंब होता. दिवाळीच्या आधी ती तो उघडून चिंचेनं आतून घासायची, नाहीतर पाणी तापायला दुप्पट ढलप्या लागायच्या. बंब दरवर्षी उघडायचा असतो हे तिला माहीत होतं. गीझर भिंतीवर उंच टांगलेला, पांढरा, बंद. तो उघडायचा असतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

बंबात आणि गीझरमध्ये फरक आहे तो एवढाच. बंबात जाळ बाहेरून लागतो, म्हणून थर बसला की उष्णता धुराबरोबर वाया जाते. गीझरची कॉइल पाण्यातच असते. तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते, म्हणून वीजबिल वाढलेलं जाणवत नाही. उष्णता बाहेर पडायला थर आडवा येतो, कॉइल आतल्या आत प्रमाणाबाहेर तापते आणि उकलते. त्यामुळे "बिल तर वाढलं नाही, मग गीझर ठीक असेल" हा हिशेब चुकतो.

गळती कुठून आहे, त्यावर सगळं ठरतं

गीझरखाली थेंब दिसला म्हणजे टाकी फुटली असं नाही. तीन जागा असतात.

सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी तापत असतानाच थेंब-थेंब सोडत असेल आणि नंतर थांबत असेल, तर तो त्याचं काम करतोय. २० अंशांवरून ६० अंशांवर जाताना पाणी दीड टक्का फुगतं. १५ लिटरमागे दोन-सव्वादोनशे मिलिलिटर, म्हणजे एक फुलपात्र. परत वरच्या टाकीत जायला वाट नसेल तर ते तिथूनच बाहेर येणार. गीझर बंद असतानाही धार चालू राहत असेल, तर व्हॉल्व्हमध्ये खडा अडकलाय किंवा तो गेलाय. बदला, स्वस्त असतो. पण गळतो म्हणून त्याला बूच मारू नका. थर्मोस्टॅट चिकटला तर आतला दाब सोडायला तेवढीच जागा असते.

दुसरी जागा खालच्या प्लेटचा गॅस्केट. रबर कडक होऊन चिरतं. तेही बदलता येतं. प्लेट जेव्हा जेव्हा उघडाल तेव्हा नवीनच घाला, जुनं परत दाबून बसवलं की महिन्यात पाझरतं.

तिसरी जागा टाकी स्वतः. पत्र्याचं बाहेरचं आवरण, मध्ये फोम आणि आत टाकी, अशी रचना असते. टाकीतून निघालेलं पाणी फोममध्ये हिंडून भलतीकडूनच बाहेर येतं. मी असं केलं: गीझरचा प्लग काढला, बाहेरून सगळा कोरडा पुसला, प्लेटभोवती आणि व्हॉल्व्हखाली सुकी फडकी बांधली आणि खाली जुने पेपर पसरले. दोन तासांनी फडकी कोरडी होती आणि पेपरवर भाकरीएवढा डाग होता. मध्ये ओला आणि कडेनं गंजाचं तपकिरी वर्तुळ धरलेला. पाणी आवरणाच्या खालच्या शिवणीतून येत होतं. तिथे निकाल लागला.

तरीही मी टाकी सोडवून उद्यमनगरात नेली. लोखंड जोडून मिळणार नाही अशी जागा आमच्याकडे नाही. पण ज्यांच्या हाताला आख्खी पेठ नावाजते असे आमच्या शेजारच्या शेडमधले वेल्डर काका बघूनच म्हणाले, "जोडून देतो, पण आतली काच कोण लावणार?" खरं होतं. तो मुलामा भट्टीत भाजून चढवलेला असतो. बाहेरून वेल्डिंग केलं की भोवतालचा मुलामा तडकतो आणि गंजायला आणखी मोठी जागा उघडी पडते. मग ग्राइंडरनं टाकी उभी कापली. तळाच्या गोल सांध्यावर गंजाचे नऊ-दहा फोड होते, एकात टाचणीएवढं आरपार भोक. वरचा भाग मात्र निळसर, गुळगुळीत, चकचकीत, जसा कारखान्यातून आला तसा. रॉड असता तर खालचाही तसाच राहिला असता.

मग ठरवायचं कसं

टाकी फुटली असेल तर नवा घ्या. गॅरंटी बाकी असेल तर आधी बिल शोधा, कारण टाकीची गॅरंटी बाकीच्या भागांपेक्षा बरीच जास्त, बहुधा पाच ते सात वर्षांची असते. कार्डावर पाण्यातल्या क्षारांची मर्यादा घातलेली आहे का तेही वाचा.

टाकी शाबूत असेल तर दुरुस्ती, आणि इथे मी वयाला फार महत्त्व देत नाही. कॉइल, थर्मोस्टॅट, कटआउट, व्हॉल्व्ह, गॅस्केट, रॉड, सगळं सुटं मिळतं. दहा वर्षांचा गीझर आतून स्वच्छ असेल आणि रॉड निम्मा शिल्लक असेल, तर त्यात कॉइल घालणं शहाणपणाचं आहे. चार वर्षांचा गीझर रॉड संपलेला आणि सांध्यावर गंजलेला असेल, तर त्याच्यात घातलेला पैसा बुडणार. त्यामुळे कॉइल बदलायला माणूस आला की प्लेट उतरवून बॅटरीचा उजेड आत टाकायला लावा आणि स्वतः बघा. मोबाइल आत धरून फोटो काढला तरी कळतं. मुलाम्यावर क्षाराचा पांढरा थर असेल तर घाबरू नका, तो निघतो. नारिंगी-काळे फोड, बोटानं सुटणारे खवले दिसले तर पाकीट मागे घ्या.

न उघडता कळण्याची एक खूण आहे. सकाळी पहिलं गरम पाणी पांढऱ्या बादलीत घ्या, शेजारी गार पाण्याची बादली. गरमच तेवढं तांबूस असेल तर गंज गीझरच्या आत आहे. दोन्ही तांबूस असतील तर पाइप किंवा गच्चीवरची टाकी बघा.

दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला तर नवा घ्यावा, असं दुकानदार सांगतात. मला वाटतं एका बिलावर हे ठरवूच नये, गेल्या दोन वर्षांतली सगळी बिलं एकत्र मांडावीत. माझं एकही बिल निम्म्याजवळ गेलं नव्हतं. तिन्ही मिळून मात्र जवळजवळ तिथे पोचली होती. आणि नवा गीझर वीज वाचवतो, असंही सांगतात. जास्त स्टारचा गीझर साठवलेल्या पाण्याची उष्णता धरून ठेवण्यात वाचवतो. चोवीस तास चालू ठेवणाऱ्याला त्याचा फायदा आहे. अंघोळीआधी वीस मिनिटं लावून बंद करणाऱ्या घरात १५ लिटरच्या एका टाकीला जुना असो की नवा, साधारण अर्धा ते पाऊण युनिटच लागतो. फक्त त्यासाठी चांगला गीझर टाकू नका.

गॅस गीझर घ्या असा सल्ला मलाही बऱ्याच जणांनी दिला. घ्यायचा असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत बसवा. बंद बाथरूममध्ये त्याची ज्योत हवेतला ऑक्सिजन संपवते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. ज्याच्या घरात बाहेर बसवायला जागा नाही, त्यानं तो घेऊ नये.

नवा घेताना मी काय बदललं

परत १५ लिटरचाच घेतला, आयएसआय मार्क बघून, आणि रॉड सहज काढता येईल अशी प्लेट आहे का हे दुकानात प्लेटचं झाकण उघडून बघितलं. स्टेनलेस स्टीलची टाकी गंजत नाही असं मला सांगण्यात आलं, पण क्लोराइड जास्त असलेल्या बोअरच्या पाण्यात साध्या स्टेनलेसलाही टोचे पडतात, म्हणून मी मुलाम्याची आणि रॉडचीच घेतली. थर्मोस्टॅट ५५ च्या वर नेत नाही.

खरा बदल पाण्याचा केला. चार माणसांना अंघोळीला गरम पाणी लागतं ते रोजचं साठ-सत्तर लिटर, बाकी गार मिसळतो. तेवढं नळाचं पाणी आमच्याकडेही येतं. गच्चीवर ३०० लिटरची वेगळी टाकी बसवली, ती फक्त नळाच्या पाण्यानं भरते आणि गीझरला तिचीच लाइन आहे. गार नळ बोअरवरच आहेत. मिक्सरमधून बोअरचं पाणी उलटं गीझरमध्ये जाऊ नये म्हणून गीझरच्या इनलेटला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. त्यामुळे सेफ्टी व्हॉल्व्ह तापताना एक फुलपात्र पाणी सोडतो, त्याला नळी लावून जाळीत सोडलंय. ज्यांना बोअरशिवाय पर्यायच नाही, त्यांनी पाणी मऊ करणारा, मिठावर चालणारा सॉफ्टनर तरी बसवावा, नाहीतर दर सहा महिन्यांनी प्लेट उघडावी.

उघडायची रीत अशी: एमसीबी बंद, प्लग बाहेर, इनलेटचा कॉक बंद, गरम नळ उघडा म्हणजे हवा आत जाईल, मग खालून पाणी काढा. कॉइल लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात, लिटरला चार चमचे, रात्रभर बुडवली की थर सुटतो. रॉड मात्र त्यात घालू नका, तो विरघळतो. संडास साफ करायचं अॅसिड आत ओतून पाच मिनिटांत थर काढून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा, ते तांबं आणि उघडं लोखंड दोन्ही खातं. परत जोडल्यावर गरम नळातून फसफस थांबून सलग धार येईपर्यंत वीज चालू करू नका. कोरडी कॉइल क्षणात जळते.

मार्च २०२५ मध्ये, बरोबर तेरा महिन्यांनी, मी नवा गीझर उघडला. बादलीत पडला तो चमचाभर बारीक साका, पापुद्रा एकही नाही. कॉइलवर नखानं खरवडता येईल इतकी पांढरी पूड, खाली तांबं दिसत होतं. रॉड खडबडीत झाला होता, पण हातात जड लागत होता. दुकानातून आणला तेव्हा व्हर्नियरनं मोजून बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला आकडा लिहून ठेवला होता: २१ मिलिमीटर. त्याच्याखाली आता १८ लिहिलंय आणि तारीख. गॅस्केट नवीन घातलं, घड्याळ लावून तापवून बघितला. अठरा मिनिटं.